डांबर, डॉलर आणि फ्रीव्हील

पेट्रोल वाढलं की आमच्या हापिसाच्या कँटीनमध्ये एक वाद ठरलेला असतो. एक पार्टी म्हणते, सरकार लुटतंय. दुसरी पार्टी (तीन-चार सायकलवाले आणि नुकताच मॅरेथॉन पळायला लागलेला एक मॅनेजर) म्हणते, बरंच झालं, अजून वाढू दे! दोनशे रुपये लिटर करा, मग बघा हिंजवडीचा रस्ता कसा मोकळा होतो आणि हवा कशी स्वच्छ होते ते. २०२१ मध्ये पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हाही हाच वाद झाला होता, फक्त तेव्हा कँटीन बंद असल्यामुळे तो कॉलवर झाला. हिंजवडीचा रस्ता मोकळा झाला नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

या दुसऱ्या पार्टीबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. त्यांचं गणित साधं आहे. वस्तू महाग झाली की लोक कमी वापरतात, कमी वापरलं की कमी जळतं, कमी जळलं की पर्यावरण वाचतं. हे गणित चूक नाही, पण ते अर्धंच आहे. त्यात फक्त तेल जाळणारा आहे, तेल काढणारा नाहीच. आणि माझी नोकरीच तेल काढणाऱ्याच्या जिवावर चालते, त्यामुळे उरलेलं अर्धं गणित मला गेली पाच-सहा वर्षं रोज दिसतंय. म्हणून हा विकांताचा लेखनप्रपंच.

थोडी पार्श्वभूमी. मी शिकलो मेकॅनिकल, २०१९ मध्ये पास झालो आणि कँपसमधून थेट आयटीत आलो. (आता म्हणाल की मेकॅनिकलवाल्याचं आयटीत काय काम? हा प्रश्न माझे वडील आजही विचारतात.) जानेवारी २०२० मध्ये मला जे प्रोजेक्ट मिळालं त्याचा क्लायंट कॅनडातल्या कॅल्गरीची एक मध्यम आकाराची तेल कंपनी. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. आमच्याकडे दोन कामं होती. एक, रोज किती तेल काढलं, किती पाईपलाईनमध्ये घातलं, त्याची किंमत काय, याचा हिशोब ठेवणारी सिस्टिम. दुसरं छोटं मॉड्यूल, कंपनीच्या साईटभोवती खणलेल्या निरीक्षण विहिरींमधल्या पाण्याचे लॅब रिपोर्ट साठवायचं. आर्सेनिक किंवा आणखी काही मर्यादेबाहेर गेलं की दहा-बारा लोकांना मेल पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्या सिस्टिमवर चौदा माणसं आणि दुसऱ्यावर दोन. त्या दोनपैकी एक मी.

आता तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळवंट, भोक पाडलं, कारंजं उडालं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातलं तेल असं नाही. तिथे जमिनीखाली वाळू आहे आणि त्या वाळूच्या कणाकणाला डांबर चिकटलंय. हो, डांबरच. पावसाळ्यानंतर महापालिका खड्ड्यांत ओतते त्याच कुळातलं. थंडीत ते दगडासारखं घट्ट होतं. तिथले मूळ रहिवासी क्री आणि डेने लोक ते झाडाच्या डिंकात मिसळून आपल्या नावांच्या फटी बुजवायला वापरत असत. असा हा तेलवाळूचा पट्टा सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मा.

यातून तेल काढायचे दोन मार्ग. जिथे डांबर वरच्या थरात आहे तिथे आधी जंगल तोडायचं, दलदल सुकवायची, वरची माती खरवडायची आणि मग उघडी खाण खणायची. एका बॅरलसाठी, म्हणजे १५९ लिटरसाठी, साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. ती वाळू गरम पाण्याने धुतली की डांबर वर तरंगतं. उरलेलं पाणी, चिकणमाती, न सुटलेलं डांबर आणि इतर विषारी मालमसाला तळ्यांत सोडून देतात. या तळ्यांमध्ये आज एक लाख कोटी लिटरहून जास्त गाळपाणी साठलेलं आहे. आणि जिथे डांबर खोल आहे (बहुतेक साठा असाच आहे) तिथे एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, डांबर पातळ होऊन खाली झिरपलं की खालच्या विहिरीतून ते उपसायचं. वाफ करायला नैसर्गिक वायू जाळायचा. म्हणजे इंधन काढण्यासाठी इंधन जाळायचं, आणि तेही भरपूर. जमिनीतून बाहेर काढण्यापुरता हिशोब केला तर साध्या तेलापेक्षा या तेलाचा कार्बन कितीतरी जास्त.

एवढा उपद्व्याप कोण करेल? ज्याला तेलाचा भाव परवडतो तो. पहिली मोठी खाण १९६७ मध्ये सुरू झाली, पण पुढची तीसेक वर्षं हा धंदा कण्हत-कुंथतच चालला. १९९८ मध्ये तेल बॅरलला दहा-बारा डॉलरवर आलं होतं. त्या भावात वाळू धुवायला कोण बसणार?

इथे मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. २००२ च्या अखेरीस 'ऑइल अँड गॅस जर्नल'ने जगातल्या तेलसाठ्यांची वार्षिक यादी काढली. त्याआधी कॅनडाच्या नावावर सुमारे पाच अब्ज बॅरल होते. या यादीत ते एकदम १८० अब्ज झाले. कॅनडा थेट सौदी अरेबियाच्या खालोखाल जगात दुसरा! आता एका वर्षात जमिनीखाली १७५ अब्ज बॅरल तेल कुठून आलं? आलं कुठूनच नाही. डांबर होतं तिथेच होतं, लाखो वर्षं. फक्त ते काढणं आता परवडतं असं तज्ज्ञांनी मान्य केलं, तंत्र सुधारलं म्हणून आणि भाव बरा होता म्हणून. शाळेत आपण 'खनिज तेल संपत चाललंय' असा निबंध लिहितो ना, त्यातली खरी मेख ही आहे. साठा ही टाकीतल्या पाण्यासारखी ठरलेली गोष्ट नसते, भाव वाढला की टाकीचा तळच खाली सरकतो. आणि जो नवा माल हाती लागतो तो आधीच्यापेक्षा घट्ट, खोल, घाण आणि काढायला अवघड असतो, कारण सोपा माल आधीच्यांनी उपसलेला असतो.

म्हणजे आमच्या कँटीनमधल्या सायकलवाल्यांनी तेलाचा भाव वाढायची प्रार्थना केली आणि ती फळली, तर पुण्यात दोन मोटारसायकली कमी होतीलही, पण अल्बर्टात एक नवी खाण सुरू होईल. (पंपावर सरकारने कर वाढवला तर गोष्ट वेगळी. तो पैसा तेलवाल्याकडे जात नाही. पण कँटीनमध्ये एवढा बारकावा कोण पाळतो!) जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरला टेकलं. तेव्हा तिथल्या फोर्ट मॅकमरी गावाचं टोपणनाव 'फोर्ट मॅकमनी' पडलं होतं. गंमत बघा, त्याच २००८ च्या मार्चमध्ये सिंक्रूड या कंपनीला अल्बर्टातलं पहिलंवहिलं 'जमीन पूर्ववत केली' असं सरकारी प्रमाणपत्र मिळालं, गेटवे हिल नावाच्या टेकडीबद्दल. क्षेत्रफळ १०४ हेक्टर. आणि लगेच एप्रिलमध्ये त्याच कंपनीच्या गाळतळ्यावर उतरलेली १,६०० बदकं डांबरात चिकटून मेली. पुढे २०१० मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर दंड झाला.

बरं मग, भाव पडला की हे सगळं बंद होत असेल? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. सप्लाय, डिमांड, दोन रेषा एकमेकींना छेदतात वगैरे. पण २०१४ च्या जूनमध्ये ११५ डॉलरला असलेलं ब्रेंट तेल जानेवारी २०१६ मध्ये तीसच्याही खाली आलं. कॅल्गरीतल्या उंच इमारतींचे मजलेच्या मजले रिकामे झाले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि अल्बर्टातल्या तेलवाळूचं उत्पादन? २०१४ मध्ये रोज तेवीस लाख बॅरलच्या आसपास होतं, ते २०१९ मध्ये तीस लाखांच्या घरात गेलं. भाव निम्म्यावर आणि माल जास्त!

याचं उत्तर मला पुढे एका काकांनी दिलं. मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये ऑनसाईट कॅल्गरीला गेलो तेव्हा तिथल्या गणपतीत त्यांची ओळख झाली. मूळचे सांगलीचे, पाईपलाईन डिझाईनमध्ये उभी हयात गेलेली, २०१५ मध्ये नोकरी गेली ती गेलीच, आता टॅक्सचे फॉर्म भरून देतात. मी त्यांना विचारलं, "काका, भाव पडल्यावर हे लोक खाणी बंद का नाही करत?" ते हसले. म्हणाले, "अरे, भाव पडला की माणसं जातात, प्लांट नाही जात. चाळीस वर्षं चालवायच्या हिशोबाने बांधलेली वस्तू आहे ती. खर्च तर आधीच करून बसलेत. मग दोन पैसे कमी मिळाले तरी चालवत राहायची. उलट जास्त चालवायची, म्हणजे बॅरलमागे खर्च कमी येतो. आणि वाफेची विहीर बंद केलीस तर आतला थर थंड होतो, परत तापवायला किती महिने जातील? मला घरी पाठवणं सोपं होतं रे, मला परत तापवावं लागत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी विनोद म्हणून टाकलं, काकू मात्र हसल्या नाहीत.

मेकॅनिकलवाल्याच्या डोक्यात यावर एकच चित्र येतं, सायकलचं फ्रीव्हील. पॅडल पुढे मारलं की चाक फिरतं. उलटं मारलं की नुसता टिकटिक आवाज येतो, चाक मागे जात नाही. तेलाच्या भावाचं आणि खणलेल्या जमिनीचं नातं तसंच आहे. भाव चढला की जंगल तुटतं, खाण होते, पाईपलाईन पडते. भाव उतरला की नव्या खाणी लांबणीवर पडतात हे खरं (शेलने २०१५ मध्ये कार्मन क्रीक नावाचं प्रोजेक्ट अर्ध्यात सोडलं, टेक कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रंटियर नावाच्या प्रचंड खाणीचा अर्ज मागे घेतला), पण जे एकदा बांधलं ते चालूच राहतं. आणि पुढच्या तेजीत त्याच्यावर आणखी मजले चढतात.

भाव पडल्यावर जी गोष्ट खरोखर थांबते, ती मी जवळून पाहिलीय. २० एप्रिल २०२० चा सोमवार. लॉकडाऊन, मी कराडला घरी, आईला झोप लागावी म्हणून हॉलमधला दिवा बंद करून लॅपटॉपच्या उजेडात बसलेलो. रात्री साडेअकराच्या सुमारास अमेरिकन तेलाचा मे महिन्याचा वायदा शून्यावर आला. मग शून्याखाली गेला. बाजार मिटला तेव्हा उणे ३७.६३ डॉलर! म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. जगभर गाड्या-विमानं बंद, साठवायला टाक्या नाहीत. आमच्या सिस्टिममध्ये भावाच्या रकान्याला कुण्या पूर्वसुरींनी 'शून्यापेक्षा मोठा असला पाहिजे' अशी अट घालून ठेवली होती. त्यात त्यांचा दोष नाही, तेलाचा भाव उणे होईल असं कुठल्या शहाण्याला वाटलं असतं? पण फाईल नापास झाली आणि चौदा माणसं रात्री जागी झाली. तो प्रॉब्लेम पहाटे चारपर्यंत सुटलासुद्धा. अल्बर्टाच्या जड तेलाचा भाव तर त्या दिवसांत आधीच पाच डॉलरच्या खाली घसरला होता. त्या भावात साधी बिअरची बाटली येत नाही तिकडे.

दोन आठवड्यांनी क्लायंटकडून खर्चकपातीची यादी आली. हिशोबाची सिस्टिम चालू राहणार होती, पैशाची होती ना. भूजलाचं मॉड्यूल 'होल्डवर'. आम्ही दोघं बेंचवर. त्याच सुमारास अल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाने तेलवाळू कंपन्यांना हवा, पाणी आणि प्राण्यांच्या बऱ्याचशा निरीक्षणातून तात्पुरती सूट दिली. कारण कोविडचं होतं, माणसं फिरवणं धोक्याचं म्हणून. खाणीत काम करणारी माणसं मात्र जात-येत होती. ही सूट उन्हाळ्यात मागे घेतली गेली. त्या उन्हाळ्यात काही कंपन्यांनी उत्पादन खरंच कमी केलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण वर्षअखेरपर्यंत तेही पूर्ववत झालं. आमचं मॉड्यूल मात्र झालं नाही.

आणखी एक योगायोग. भाव उणे होण्याच्या बरोबर तीन दिवस आधी, १७ एप्रिलला, कॅनडाच्या केंद्र सरकारने अल्बर्टा आणि शेजारच्या दोन प्रांतांतल्या जुन्या तेलविहिरी बुजवायला १.७ अब्ज कॅनेडियन डॉलर जाहीर केले. यातल्या अनेक विहिरींचे मालक दिवाळखोरीत जाऊन नाहीसे झालेले. अशांना तिथे 'अनाथ विहिरी' म्हणतात. तेल काढलं तेव्हा नफा कंपनीचा, बुजवायची वेळ आली तेव्हा बिल करदात्याचं. आपल्याकडच्या वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही म्हणा.

पण अनाथ विहीर ही खाणीसमोर किरकोळ गोष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रेंट १३० डॉलरच्या वर गेलं, क्लायंटकडे पैसा खुळखुळायला लागला, आणि हिशोबाच्या सिस्टिमचं नवं व्हर्जन करायला मला कॅल्गरीला पाठवलं. तिथून सप्टेंबरमध्ये एका लाँग विकांताला आम्ही तिघं मित्र गाडी घेऊन फोर्ट मॅकमरीला गेलो. साधारण साडेसातशे किलोमीटर. गावातले कँपवाले आम्हाला 'रॉकी माउंटन सोडून इथे काय बघायला आलात?' असं विचारत होते.

गावाच्या उत्तरेला हायवे ६३ वर अर्धा तास गेलं की आधी वास येतो. नव्याने रस्ता करतात तेव्हा येतो तोच, फक्त क्षितिजापर्यंत. मग आवाज. धुम्म... धुम्म... दिवाळीच्या सुतळी बॉम्बसारखा, ठरावीक वेळाने. पक्षी तळ्यावर उतरू नयेत म्हणून गॅसच्या तोफा वाजवतात. पाण्यावर पिंपांवर उभी केलेली केशरी कपड्यांतली बुजगावणी. त्यांना तिथले लोक 'बिटू-मेन' म्हणतात. गंधकाचे पिवळेजर्द प्रचंड ठोकळे. ज्या ट्रकच्या एका टायरची उंची चार मीटर असते तो ट्रक दुरून खेळण्यासारखा दिसत होता. माझा एक मित्र, जो एरवी गाडीत एक मिनिट गप्प बसत नाही, तो खिडकी वर करून नुसता बघत होता. परतताना गेटवे हिलही पाहिली. छान आहे, झाडं आहेत, पायवाट आहे. कुणी बोट दाखवून सांगितलं नसतं तर इथे खाण होती हे कळलंही नसतं. अल्बर्टात खाणींनी आजवर उकरलेली जमीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ही टेकडी त्यातला एक चौरस किलोमीटर.

उरलेल्या जमिनीचं काय? कायदा सांगतो की कंपनीने ती पूर्ववत करून द्यायची. कंपनी बुडाली तर? त्यासाठी तारण घेतात. आणि हे तारण कसं ठरतं ते वाचल्यावर मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. आपण घरासाठी कर्ज घेतो तेव्हा बँक घर तारण ठेवून घेते. अल्बर्टात २०११ पासूनच्या नियमाप्रमाणे कंपनीच्या जमिनीखालचं, अजून न काढलेलं तेलच तिची मालमत्ता म्हणून धरलं जातं. मालमत्ता साफसफाईच्या अंदाजे खर्चाच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर रोख फारशी ठेवावी लागत नाही. खाणीचा साठा पंधरा वर्षांपेक्षा कमी उरला की मग हळूहळू पैसे भरायला सुरुवात. या न काढलेल्या तेलाची किंमत कशावरून? अर्थात भावावरून.

आयटीवाल्यांसाठी सोप्या भाषेत, सर्व्हरचा बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवलाय. तेलाचा भाव कायमचा कोसळला तर कंपन्या बुडणार, आणि त्याच दिवशी त्यांचं तारणही मातीमोल होणार. ज्या दिवसासाठी तारण घ्यायचं नेमका तोच दिवस ते टिकणार नाही. हे मी शोधून काढलेलं नाही. अल्बर्टाच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्येच लिहून ठेवलंय की या पद्धतीत मालमत्ता फुगवून धरली जाते. त्या अहवालाप्रमाणे २०१४ अखेरीस साफसफाईची देणी २०.८ अब्ज डॉलर आणि हातातलं तारण १.५७ अब्ज डॉलर. पुढे देण्यांचा अंदाज कंपन्यांच्याच हिशोबाने दुपटीपेक्षा जास्त झाला, तारण त्या मानाने जागेवरच. आणि २०२० च्या पडलेल्या भावामुळे सूत्राप्रमाणे कंपन्यांना मोठी रक्कम भरावी लागेल अशी वेळ आली, तेव्हा २०२१ मध्ये प्रांत सरकारने सूत्रच बदलून घेतलं. टेस्ट फेल होतेय ना, मग टेस्ट बदला. आमच्या धंद्यात ही ट्रिक फार जुनी आहे, पण तिथे निदान लाज तरी वाटते.

याचा चटका कुणाला बसतो तेही त्याच मुक्कामात कळलं. आम्ही सप्टेंबरमध्ये त्या रस्त्यावर फोटो काढत होतो तेव्हा आणखी उत्तरेला इंपीरियल ऑइलच्या कर्ल खाणीतून गाळपाणी झिरपत होतं. मे २०२२ मध्येच कंपनीला ते दिसलं होतं, नियामकालाही कळवलं होतं. नदीच्या खालच्या अंगाला फोर्ट चिपेवान हे गाव आहे, अथाबास्का चिपेवान फर्स्ट नेशनचं. ते लोक त्या भागात शिकार करतात, मासे धरतात. त्यांना संपूर्ण चित्र कळलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेही तळ्यातून आणखी ५३ लाख लिटर पाणी सांडल्यावर नियामकाने आदेश काढला तेव्हा. मधल्या नऊ महिन्यांत तिथली माणसं नेहमीसारखीच शिकार खात होती. त्यांचे प्रमुख ॲलन ॲडम यांनी यावर ओटावाच्या संसदीय समितीसमोर जाऊन कंपनी आणि नियामक दोघांनाही धारेवर धरलं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, कॅनडा कॅनडाचं बघून घेईल, आपला काय संबंध? संबंध आहे. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन ही वाढवलेली पाईपलाईन सुरू झाली. कॅनडा सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतलेली, विस्तार पूर्ण होईपर्यंत खर्च ३४ अब्जांवर गेला. तिच्यामुळे अल्बर्टाचं जड तेल थेट पॅसिफिक किनाऱ्यावर येऊन आशियाकडे निघू शकतं. दोनच महिन्यांत रिलायन्सने जामनगरसाठी त्यातलं वीस लाख बॅरल घेतल्याची बातमी होती.

आणि तेल जाळणाऱ्याच्या अंगाने बघितलं तरी आपलं चित्र मजेशीर आहे. २०२० मध्ये तेल मातीमोल झालं तेव्हा आपल्या पंपावर काय झालं? मार्च आणि मे मिळून केंद्राने पेट्रोलवर तेरा आणि डिझेलवर सोळा रुपये अबकारी कर चढवला. स्वस्ताई तिजोरीत गेली. पुढे पेट्रोल शंभरीपार गेलं, तरी २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही किंवा तत्सम धूड होती. हापिसाच्या पार्किंगमध्ये तर हॅचबॅक शोधावी लागते. माणूस पेट्रोलच्या भावाला शिव्या देतो, पण गाडी घेताना ईएमआय बघतो. आणि एकदा घेतली की ती गाडी पंधरा वर्षं पिणार. इथेही फ्रीव्हीलच.

सायकलवाल्या मित्रांना हे सगळं मी कँटीनमध्ये सांगून पाहिलंय. त्यांचं म्हणणं, "मग काय, भाव वाढूही नये आणि पडूही नये?" मला तसं म्हणायचं नाही. भावाकडे बघत बसलं तर या जमिनीचं भलं होणार नाही, एवढंच. भाव चढला तर नवी जमीन उकरली जाते, पडला तर उकरलेल्या जमिनीची राखण थांबते. राखणीचे पैसे भावापासून वेगळे, आधीच, रोख काढून ठेवायला हवेत. हे काम बाजाराचं नाही, नियम करणाऱ्याचं आहे. यावर मॅरेथॉनवाला मॅनेजर म्हणाला, "तू क्लायंटला सांगून बघ की." सगळे हसले, मीही हसलो.

मार्च २०२३ मध्ये, कर्लच्या बातम्या गाजत असताना, आमच्या क्लायंटला भूजलाच्या मॉड्यूलची आठवण झाली. दोन आठवड्यांत पुन्हा सुरू करा म्हणून मेल. तीन वर्षांचा खंड पडलेला डेटा, आधीचा जोडीदार कंपनी सोडून गेलेला. पण केलं. आनंद झाला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. मग एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन तेल साठ डॉलरच्या खाली आलं आणि पुन्हा तशीच एक यादी आली. या वेळी मॉड्यूल बंद केलं नाही, फक्त त्यावर माणूस ठेवला नाही. मी आता दुसऱ्या कामावर आहे, अधूनमधून लॉग बघतो.

मागच्या शुक्रवारी बघितला. पाण्याचा रिपोर्ट मर्यादेबाहेर गेला की ज्या अकरा जणांना मेल जातो, त्यातले चार पत्ते बाउन्स होतायत. माणसं गेली असणार. मी तिकीट टाकलंय. सोमवारी संध्याकाळी कॅल्गरी उठेल तेव्हा कुणी तरी बघेल. प्रायॉरिटीच्या रकान्यात मी 'हाय' लिहिलं होतं, सिस्टिमने आपोआप 'लो' केलंय. उत्पन्नाशी संबंध नसलेल्या तिकिटांना तशी सेटिंग आहे.